पाट्या टाकणे

मराठी भाषेत कामचुकारपणाला जितके शब्द आहेत तितके कामसूपणाला नाहीत, अशी माझी फार दिवसांची तक्रार आहे. अंगचोरपणा, टंगळमंगळ, चालढकल, वेळकाढूपणा, चुकारपणा… यादी करायला बसलात तर चहा निवून जाईल. मन लावून काम करणाऱ्याला मात्र 'कामसू' नाहीतर 'कष्टाळू' म्हणून आपण वाटेला लावतो. त्यातही 'कष्टाळू' हे विशेषण मी ज्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर लिहितो त्याचे गणिताचे गुण पाहुण्यांना दाखवण्यासारखे नसतात, हे जाणत्या पालकांच्या केव्हाच ध्यानात आले असेल.

या साऱ्या शब्दांत माझा विशेष लोभ आहे तो 'पाट्या टाकणे' या वाक्प्रचारावर. 'वेठ मारणे' त्याच्याहून जुना. पण वेठीला धरलेल्या माणसाला दाम मिळत नसे. त्याने काम कसेतरी उरकले तर त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? त्या शब्दात थोडी तक्रार धन्याविरुद्धही आहे. पाट्या टाकणाऱ्याचे तसे नाही. त्याला मजुरी मिळते, वेळच्या वेळी मिळते. तो पाटी भरतो, डोक्यावर घेतो, चालत जातो, उपडी करतो, आणि पुन्हा भरायला येतो. हात चालू, पाय चालू, हजेरी लागलेली. फक्त मन कुठेतरी लिंबाच्या झाडाखाली बसलेले. हे चित्र इतके नेमके आहे की कुठल्याही कचेरीत, बँकेत, शाळेत दुपारी तीनच्या सुमारास डोकावावे आणि ते डोळ्यांनी पाहून घ्यावे. माझ्या पेशात तर पाटीशी संबंध दुहेरी. पोरांच्या हातातली पाटी जाऊन वह्या आल्या, वह्यांबरोबर फोनही आले. पण मास्तरांच्या डोक्यावरची पाटी काही उतरली नाही.

माणसाचे हे मन लिंबाखालून उठवून कामावर कसे आणायचे, याचे आता मोठे शास्त्र झाले आहे. त्या शास्त्राचे एक जाणकार आमच्या शाळेत व्याख्यानाला आले होते. विषय होता 'कार्यप्रेरणा'. त्यांनी आम्हा सर्वांना डोळे मिटायला सांगितले आणि 'मी माझ्या कामावर प्रेम करतो' असे मनातल्या मनात एकवीस वेळा म्हणायला लावले. आमचे कारकून साधारण नवव्या वेळेला घोरू लागले. एरवी व्याख्यान वाईट नव्हते. त्यांनी फळ्यावर मास्लो नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची गरजांची उतरंड काढून दाखवली. १९४३ साली मांडलेला हा विचार. तळाला अन्न, पाणी, झोप, त्यावर सुरक्षितता, त्यावर आपली माणसे, मग मानमरातब, आणि सगळ्यांत वर स्वतःच्या गुणांना पुरता वाव मिळण्याची ओढ. 'उतरंड' हा शब्द ज्याने कोणी मराठीत योजला त्याचे कौतुक केले पाहिजे. उतरंडीत तळाचा रांजण सर्वांत मोठा असतो आणि तो भरलेला असला तरच वरची गाडगी नीट उभी राहतात, हे आपल्या आज्यांना मास्लोच्या आधीपासून ठाऊक होते.

त्या तळाच्या रांजणाविषयी दोन शब्द बोलल्याखेरीज पुढे जाववत नाही. आपल्याकडे विनाअनुदानित शाळांतून अनेक शिक्षकांनी वर्षानुवर्षे, आज ना उद्या अनुदान येईल या आशेवर, पगाराविना किंवा नावापुरत्या पगारावर शिकवले आहे. मला ठाऊक असलेले एक गृहस्थ सकाळी वर्गात भूमितीचे प्रमेय शिकवत आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या दुकानात गूळ जोखून देत. गावात सत्कार निघाला की भाषणांत त्यांच्या 'सेवाभावा'ची आवर्जून स्तुती होई. शाल मिळे, नारळ मिळे. त्या शाली त्यांच्या घरी इतक्या साठल्या होत्या की पाहुण्यांना अंथरायला सतरंजी लागत नसे. ज्या हाताने पगार द्यायचा तो हात खिशात ठेवून दुसऱ्या हाताने पाठ थोपटणे, याला प्रेरणा म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. 'मानधन' या शब्दाची मला अशीच धास्ती वाटते. अंगणवाडीच्या बायका दिवसभर राबतात आणि त्यांना मिळते ते मानधन; म्हणजे मान आधी घ्या, धनाचे पुढे पाहू. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निकाल दिला, तेव्हा कुठे या मानाच्या पोटात थोडे धन शिरले. तेव्हा पगाराचा प्रश्न पगारानेच सुटतो, हे आधी कबूल करू. पण तो सुटल्यावरही पाट्या टाकणे थांबत नाही, हीच खरी मौज आहे.

या बाबतीत माझ्या डोक्यात थोडा उजेड पडला तो आमच्या आईमुळे. एकदा रात्री जेवताना मी एका सहकाऱ्याविषयी चिडून बोलत होतो. "त्याला मुलांचं काही नाही," मी म्हणालो, "नुसत्या पाट्या टाकतो झालं!"

आई भाकरी थापत होती. तिने हात न थांबवता विचारले, "कुठं टाकतो?"

मला वाटले तिला ऐकू आले नाही. मी पुन्हा सांगितले, की अगं, पाट्या टाकतो, म्हणजे काम कसंतरी करतो.

"ते कळलं मला," आई म्हणाली. "पाट्या मी बी टाकल्यात. म्हणून इचारलं, कुठं टाकतो."

आता हे सांगायला हवे की आमच्या आईने खऱ्याखुऱ्या पाट्या टाकल्या आहेत. १९७२चा दुष्काळ. बीड जिल्ह्यातले आमचे आजोळ. त्याआधीची दोन वर्षेही पावसाने अशीच घालवली होती. बहात्तर साली मात्र त्याने कहर केला. खरीप गेले, रब्बी पेरलीच नाही, जनावरे मिळेल त्या भावाने गेली. सरकारने जागोजागी दुष्काळी कामे काढली. मे १९७३च्या सुमारास महाराष्ट्रात अशा कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे राबत होती. त्या पन्नास लाखांतली एक आमची आई. वय तेरा-चौदा, मस्टरवर नाव लागावे म्हणून आजोबांनी ते सोळा सांगितले. आजोबांच्या हाती टिकाव, आजीच्या हाती फावडे, आणि आईच्या डोक्यावर चुंबळ व चुंबळीवर पाटी. मजुरी दिवसाला दोन-तीन रुपये. खायला अमेरिकेहून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी, जी तव्यावरून उतरताच वाळून खापरीसारखी होई. आणि कामावर वाटायची ती सुकडी. सुकडीची चव आईला अजून आठवते. 'गोड व्हती' एवढेच ती सांगते. पण सांगताना क्षणभर थांबते.

काम होते पाझर तलावाचे. गावाच्या वरच्या अंगाला दोन टेकड्यांच्या बेचक्यात मातीचा बांध घालायचा आणि ओढ्याचे पाणी अडवायचे. टोळीटोळीला खणायला चौकोन आखून दिलेले. खड्डा खणताना मध्ये मातीचा एक उंचवटा तसाच राखायचा. आठवड्याने कारकून टेप घेऊन आला की त्या उंचवट्याच्या माथ्यापासून खाली मापून किती खणले ते धरायचा आणि त्याप्रमाणे पैसे. काही हिकमती टोळ्या आदल्या रात्री त्या उंचवट्याच्या डोक्यावर हळूच दोन घमेली माती थापून ठेवत, म्हणजे खड्डा आपोआप खोल! ही हकिकत आई फार खुलून सांगते. त्यात आपली टोळी होती की नव्हती, हे मात्र पन्नास वर्षांत तिने एकदाही स्पष्ट केलेले नाही.

पण मला सांगायची गोष्ट निराळी आहे. बांधाच्या पोटात काळी माती घालायची होती. त्यासाठी पायात खोल चर खणला होता, आणि काळी माती आणायला लांब जावे लागे. बायका कंटाळल्या. जवळच मुरमाड माती पडली होती. तीच पाटीत भरून आणू लागल्या. पाटी ती पाटीच, मोजणारा मुकादम पाट्या मोजतो, माती कोण पाहतो? एके दिवशी ओव्हरसीअर आला. तरुण पोर होता म्हणे, नुकता नोकरीला लागलेला. त्याने आरडाओरडा केला नाही. बायकांना बसवले, एका पाटीत मुरूम घेतला, दुसऱ्या पाटीत काळी माती कुटून बसवली, आणि दोन्हींत तांब्यातांब्याने पाणी ओतून दाखवले. मुरमातून पाणी खाली ओघळले. काळ्या मातीवर ते उभे राहिले. मग त्याने सांगितले, की तळ्याच्या तळातून पाणी झिरपले पाहिजे, तेच खालच्या विहिरींना लागणार; पण भिंतीतून ते गेले तर भिंतच जाईल. आणि खालच्या विहिरी कुणाच्या, हे त्या बायकांना कुणी सांगायची गरज नव्हती. नावानिशी ठाऊक होते.

"मग काय सांगू," आई म्हणते, "दुसऱ्या दिवशी एका बाईनं मुरमाची पाटी आणली, तर आम्ही ती वतूच दिली नाही. जा म्हणलं, नीट काळी घिऊन ये."

मजुरी वाढली नव्हती. ऊन कमी झाले नव्हते. मुकादम तोच, मिलो तीच. आदल्या दिवशी ज्या बायका पाट्या टाकत होत्या त्याच दुसऱ्या दिवशी तळे बांधू लागल्या. मधल्या एका रात्रीत एवढेच घडले होते की आपली पाटी कुठे पडते आहे, हे त्यांना दिसले होते.

याच्या उलट बाजूही आमच्याच घरात आहे. आईची थोरली बहीण, माझी मावशी, त्याच साली लग्न होऊन सासरी गेली. दुष्काळ तिथेही होताच, सरकारी कामही होते. पण ते खडी फोडण्याचे. त्या वर्षी अशी खडीची कामे फार निघाली, कारण दगड सगळीकडे होता आणि हातोडीखेरीज काही लागत नव्हते. मावशीने महिनोन्महिने खडी फोडली. ढीग घालायचा, मापून द्यायचा, पुढे सरकायचे. त्या खडीचा रस्ता पुढे होईल असे म्हणत होते. तो काही मावशीने पाहिला नाही. ढिगाऱ्यांवर पुढे बाभळी उगवल्या. मावशी बोलकी बाई. जात्यापासून जावेपर्यंत कशावरही तासभर बोलेल. पण खडीविषयी विचारले की म्हणते, "काय सांगायचं त्याचं? फोडली." मजुरी दोघींची सारखीच होती. सुकडीही सारखीच. हातांना घट्टे बहुधा मावशीच्याच जास्त पडले असतील.

कादंबरीकार डोस्टोव्हस्कीने सायबेरियातल्या ओम्स्कच्या तुरुंगात चार वर्षे सक्तमजुरी भोगली. त्या अनुभवावरून त्याने लिहून ठेवले आहे की माणसाला पुरता चिरडून टाकायचे असेल, तर त्याला अगदी निरर्थक काम द्यावे. उदाहरणार्थ, मातीचा ढीग इथून तिथे न्यायचा आणि पुन्हा तिथून इथे आणायचा. कैद्यालासुद्धा विटा भाजण्यात वा भिंत बांधण्यात गोडी वाटू लागते, ते काम नीट व्हावे असे त्याला वाटते, हे त्याने जवळून पाहिले होते. हे वाचले तेव्हा मला ओम्स्क दिसले नाही. मावशीच्या गावचे बाभळीने झाकलेले ढीग दिसले.

ओझी वाहणाऱ्या माणसांवर शास्त्र रचणारा पहिला मोठा माणूस म्हणजे अमेरिकेतला फ्रेडरिक टेलर. त्याचीही गोष्ट या संदर्भात सांगण्यासारखी आहे, कारण ती त्याने एका हेतूने सांगितली आणि मला तिच्यात दुसरेच काही सापडले. १८९९ साली पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात मजूर लोखंडाच्या लगडी उचलून, फळीवरून चढून, आगगाडीच्या डब्यात टाकत. एक लगड सुमारे ४२ किलोंची. दर माणशी दिवसाला साडेबारा टन माल हले. टेलरने हिशेब केला की नीट विश्रांती देऊन, सांगेल तसे काम करून घेतले तर एकटा माणूस साडेसत्तेचाळीस टन हलवील. त्यासाठी त्याने एक मजूर निवडला. पुस्तकात त्याला 'श्मिट' असे नाव दिले आहे. ऊठ म्हटले की उठायचे, बस म्हटले की बसायचे, उलट बोलायचे नाही, आणि दिवसाला एक डॉलर पंधरा सेंटऐवजी एक डॉलर पंच्याऐंशी सेंट घ्यायचे. श्मिटने ते केले. काम पावणेचारपटीहून अधिक, मजुरी दीडपटीहून थोडी वर! हे गणित मी सातवीच्या मुलांना घातले असते तर एखाद्याने तरी हात वर करून विचारले असते, "सर, यात नफा कुणाचा?" पण ते असो. टेलरच्या हकिकतीतल्या काही तपशिलांवर पुढे अभ्यासकांनी शंकाही घेतल्या. १९११ साली त्याचे पुस्तक निघाले आणि अनेक देशांतल्या कारखानदारांनी ते डोक्यावर घेतले.

मला त्या पुस्तकात अडकवून ठेवले ते एका लहानशा तपशिलाने. श्मिटलाच का निवडले, हे सांगताना टेलर म्हणतो की हा मनुष्य दिवसभर लोखंड वाहून संध्याकाळी मैलभर अंतरावरच्या घरी सकाळइतक्याच ताज्या पावलांनी पळत जाई. त्याने जमिनीचा लहानसा तुकडा घेतला होता आणि सकाळी कामाला येण्यापूर्वी व रात्री काम सुटल्यावर तो आपल्या छोट्या घराच्या भिंती उभारी. यावरून टेलरने निष्कर्ष काढला की या माणसाला पैशाची फार ओढ आहे. अहो, पैशाची ओढ असणारा माणूस रात्रीचे काम दुसरीकडे शोधील! हा भिंत बांधत होता. साडेबारा टन लोखंड वाहिल्यावर उरलेल्या अंगाने, बिनपगारी, कुणी ऊठ-बस न म्हणता. सबंध कारखान्यात माणूस मन लावून काम का करतो याचे उत्तर त्या मैलभर दूरच्या भिंतीपाशी उभे होते. टेलरने ते पाहिले, लिहूनही ठेवले, आणि घड्याळ हातात घेऊन तो पुन्हा लगडी मोजायला निघून गेला.

दर वेळी माणसाची भिंत स्वतःचीच असली पाहिजे असे नाही. आईचे तळे काही तिच्या नावावर नव्हते. पण काम करणाराच त्याचा धनीही झाला, तर काय होते याचा दाखला दिवाळीच्या दिवसांत शोधायला लांब जावे लागत नाही. तो ताटाच्या डाव्या बाजूला असतो. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात एका चाळीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्याचे पुढे 'लिज्जत' झाले. सकाळी भिजवलेले पीठ घरी न्यायचे, लाटायचे, वाळवायचे, दुसऱ्या दिवशी आणून तोलून द्यायचे आणि लाटणावळ घ्यायची. लाटणारी प्रत्येक बाई त्या धंद्याची मालकीण. नफा झाला तर तिचा, तोटा झाला तर तोही तिचाच. तिथे कुणी डोळे मिटून एकवीस वेळा काही म्हणत असेल असे मला वाटत नाही. जाड पापड परत आला की तो कुणाला परत आला, हे लाटणारीला चांगले ठाऊक असते.

हे सारे माझ्या मनात गोळा होण्याचे कारण आमचा भाचा. ताईचा मुलगा पुण्याला, हिंजवडीत एका मोठ्या कंपनीत संगणकाच्या कामावर होता. पगार विचाराल तर, आम्ही मास्तर मंडळी तो आकडा ऐकून आधी महिन्याचा की वर्षाचा हे विचारून घेतो. कंपनीत जेवण फुकट, व्यायामशाळा फुकट, आणि एकदा तो महिन्याचा उत्तम कर्मचारीही ठरला होता. ते प्रशस्तिपत्र ताईने चौकटीत घालून, दिवाणखान्यात विठोबाच्या तसबिरीशेजारी टांगले होते. गेल्या दिवाळीच्या तोंडावर या पोराने राजीनामा दिला. ताईचा फोन आला, "तुझं ऐकतो तो. समजाव त्याला. पगार असा कुणी लाथाडतं का?"

तिची काळजी खोटी नव्हती. घराचे हप्ते चालू होते. भाऊजींच्या औषधांचा खर्च होता. आणि दुसरी नोकरी हातात नव्हती. म्हणून मी त्याला जरा धारेवरच धरले.

"काम फार होतं का?"

"नाही, मामा."

"वरिष्ठ वाईट होते?"

"चांगले होते. वाढदिवसाला केक आणायचे."

"मग झालं तरी काय?"

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आठ महिने आम्ही अकरा जण एक प्रोग्रॅम लिहीत होतो. एके दिवशी सांगितलं, ते बंद झालं. सगळ्यांना मिठाईचे डबे दिले आणि दुसऱ्या कामावर घातलं. तेही सात महिन्यांनी बंद झालं. मामा, चार वर्षं झाली. मी लिहिलेली एक ओळ कुणी वापरली असेल का, मला माहीत नाही. पगार वेळेवर येतो. मला वाटतं, त्यांनी मला विसरलेलं आहे आणि बँकेला सांगायचं राहून गेलंय."

ताईने मला ज्या कामी नेमले होते ते माझ्याच्याने पुढे झाले नाही. मला मावशीची खडी दिसू लागली. ढीग घातला, मापून दिला, पुढे सरकलो.

भाऊबीजेला सगळे आजोळी जमलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "चला, तळ्याकडं जाऊन येऊ." ती दर दिवाळीत जाते, देवदर्शनासारखे आहे ते तिचे. मी निघालो, भाचाही निघाला. पाऊस बरा झाला होता, तळ्यात पाणी होते. गाळ पुष्कळ साठला आहे, पूर्वीइतके पाणी मावत नाही. पण सांडव्याच्या खालच्या अंगाला ऊस दिसत होता, आणि दोन-तीन विहिरींवरच्या मोटारींचा आवाज येत होता. आई बांधावर चढली आणि काठीने दाखवू लागली, "हितून तिथवर आमच्या टोळीनं घातलाय."

बांधावर एक म्हातारा शेळ्या घेऊन बसला होता. त्याने मान वर केली. "कोण म्हणतं? ते आमचं हाय. तुमचं त्या वाकणापल्याड."

झाले! एकमेकांची ओळख पटायच्या आधीच दोघांचे भांडण जुंपले. कोणत्या टोळीचा चौकोन कुठे होता, कुणाची टोळी मधेच ऊस तोडायला निघून गेली, कुणाच्या वाट्याचा बांध पहिल्याच पावसात खचला होता आणि तो पुन्हा कुणी भरला, हे सारे निघाले. उंचवट्यावर रात्री माती कोण थापत असे, हेही निघाले. तेव्हा आई जरा गप्प बसली आणि माझ्याकडे पाहीनाशी झाली. पन्नासहून अधिक वर्षे झाली होती. बांधावर कुणाचेही नाव कोरलेले नव्हते. भाचा शेळ्यांच्या मध्ये उकिडवा बसून दोघांकडे आळीपाळीने पाहत होता, जसे लहानपणी तो टीव्हीवरचा क्रिकेटचा सामना पाहायचा.

परतताना आई पुन्हा थांबली. बांधाच्या उतारावर बाभळीचे हातभर रोप उगवले होते. "ही मुळं भिंत फोडत्यात," असे म्हणून ती खाली वाकली. तिला ते उपटेना. भाच्याने पुढे होऊन ओढले. त्यालाही पहिल्यांदा उपटेना, आणि काटा मात्र लागला.

तेवढ्याने तो बदलला वगैरे असे सांगण्याचा माझा विचार नाही. कादंबरीत मी तसे केले असते. दोन महिने तो घरी बसून होता आणि ताई माझ्याशी बोलत नव्हती. मग त्याला एका लहानशा कंपनीत काम मिळाले. दूध संकलन केंद्रांसाठी ते प्रोग्रॅम तयार करतात. शेतकऱ्याने दूध घातले की लिटर किती, फॅट किती, दर काय लागला याची पावती निघते आणि दर दहा दिवसांनी बिल होते. पगार पूर्वीच्या जेमतेम निम्मा. हप्ते भागवायला त्याने गाडी विकली. शिवाय एखाद्या गावी यंत्र अडले की पहाटे पाचला डेअरीच्या सचिवाचा फोन येतो. मागे दुधाचे कॅन वाजत असतात आणि रांगेतले लोक शिव्या देत असतात, त्या याला स्पष्ट ऐकू येतात. ताई म्हणते, "पगार गेला, गाडी गेली, आता झोपही गेली." भाचाही तक्रार करतो. माणसांना धीर नाही, म्हणतो. दोन मिनिटे थांबत नाहीत.

मागच्या महिन्यात त्याचा मला रात्री साडेदहाला फोन आला. आवाजावरून वाटले काही बरेवाईट झाले. "मामा," तो म्हणाला, "आता पावती मराठीत काढतोय. इंग्रजी पावती म्हाताऱ्यांना वाचता येत नाही, मग सचिव सांगेल तो आकडा धरून चालतात. एक सांग, 'स्निग्धांश' लिहू की 'फॅट'?"

मी भाषेचा मास्तर. क्षणभर जीभ अडखळली खरी.

"फॅट लिही," मी म्हणालो. "आणि आकडा जरा मोठा छाप."